एका छपराखाली पाच हवामानं

४ ऑक्टोबर

आज हॉलची जमीन गळते हे मी कबूल केलं.

आमची घरं जमिनीखालून फिरणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्यांनी तापतात; गेला महिनाभर त्या बॉयलरमधलं पाणी कमी होत होतं आणि मी सगळ्यांना सांगत होतो, बाष्पीभवन. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस कुठल्याही ओल्या गोष्टीला बाष्पीभवन म्हणू शकतो. आज माझी बायको योनसुक पायातले मोजे काढून माझ्यासमोर आली आणि तिने ते माझ्या वर्तमानपत्रावर पिळले.

"हे तुमचं बाष्पीभवन. कपाटाखालून येतंय," ती म्हणाली.

योम मिस्त्री येऊन पाहून गेला. हा मोठ्या तोंडाचा माणूस. एकदा प्रांताच्या कुठल्याशा बड्या अधिकाऱ्याच्या भाच्याच्या घरात याने जमिनीखालच्या नळ्या घातल्या, त्याला पंधरा वर्षं झाली, पण ती गोष्ट अजून संपलेली नाही. जमिनीला कान लावून म्हणाला, "गुरुजी, नळ्या पार जुन्या झाल्यात. संसारासारखंच असतं. एकीकडे ठिगळ लावलं की दुसरीकडून गळतं. सगळं उखडा आणि नव्याने घाला."

योनसुक हसली. जरा जास्तच हसली असं मला वाटलं.

पण यातून मला एक मोठी कल्पना सुचली. सासूबाई गेल्या हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या पायरीवर बर्फावरून घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. त्या डोंगरापलीकडच्या गावात एकट्या राहतात. योनसुक त्यांची एकुलती एक. तेव्हापासून तिचं एकच, आईला इथे आणायचं. आणि सासूबाईंचं एकच, नाही. आता जमीन उखडायचीच आहे, तर प्रत्येक खोलीची ऊब प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वेगळी का ठेवू नये? बाबांची खोली, सासूबाईंची, आमची, हॉल, आणि आमची मुलगी सेबोम हिची. एका छपराखाली पाच हवामानं! फळ्यावर समताप रेषा काढताना जो आनंद व्हायचा, तो निवृत्तीनंतर आज पहिल्यांदा झाला.

७ ऑक्टोबर

पाहणीला सुरुवात. प्रत्येकाला एकच प्रश्न: तुम्हाला किती ऊब लागते?

पहिले बाबा. वय शहाऐंशी. आयुष्य थेबेकच्या कोळसा खाणीत गेलं.

"मला कसली ऊब?" बाबा म्हणाले. "खाणीत जन्मभर उकडलोय. माझ्या खोलीत नळ्या नाही घातल्यास तरी चालेल. तेवढंच रॉकेल वाचेल."

"अगदीच नाही?"

"माणसाला आतून ऊब असावी लागते, जुंगमान. तुम्हा मास्तर लोकांना ते कळायचं नाही."

हे बोलताना ते अंगणात उन्हाच्या तुकड्यात कुत्र्याला मांडीवर घेऊन बसले होते. ऊन सरकलं तसे कुत्र्यासकट सरकले. या कुत्र्यावर त्यांचा फार जीव आहे. सोडतच नाहीत.

बाबा: अत्यल्प.

१० ऑक्टोबर

सासूबाईंकडे गेलो. त्यांनी बटाट्याची धिरडी केली होती. मी पाहणीचा प्रश्न विचारला. त्यांनी तव्यावरचं धिरडं दोनदा उलटलं.

मग म्हणाल्या, "जावईबापू, हल्लीच्या जमिनी कोमट. पाय ठेवला तर ठेवल्यासारखा वाटत नाही. मला एक कोपरा असा हवा, की पाठ टेकली की कातडी लाल झाली पाहिजे. आमच्या या लाकडाच्या चुलीवर तापणाऱ्या जुन्या जमिनीला असतो तसा. चुलीजवळचं टोक निखाऱ्यासारखं."

योनसुकला त्याच वेळी जोराचा ठसका लागला. धिरडं घशात अडकलं असावं.

"तसा कोपरा केलात तर येते मी," सासूबाई म्हणाल्या. "आणि नाही जमलं तर उगाच वाईट वाटून घेऊ नका हं. नव्या नळ्यांना ते जमायचं नाही, मला माहीत आहे. मी इथे बरी आहे."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "सासूबाई, जमवतो."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतकी काळजी कुणी आजवर घेतली नसेल त्यांची.

येताना गाडीत योनसुक म्हणाली, "अहो, आई लहानपणापासून..." पण तेवढ्यात मला निळ्या पेन्सिलीची आठवण झाली. थंड प्रदेश दाखवायला निळी लागते, आणि घरातली निळी सेबोम बुसानला घेऊन गेली असणार. दुकान बंद व्हायच्या आत गाठायचं होतं.

१३ ऑक्टोबर

सेबोमच्या खोलीवरून वाद. मुलगी बुसानला नोकरीला, येते वर्षातून दोनदा, आणि तेव्हाही हॉलमध्येच लोळते. रिकाम्या खोलीला ऊब कशाला? गोठू नये म्हणून एक फेरा घातला की पुरे.

"त्या खोलीत नळ्या घालायच्या. नीट घालायच्या," योनसुक म्हणाली.

"कुणासाठी?"

"खोलीसाठी."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "नळ्यांमधून आवाज जातो का हो? म्हणजे आपल्या खोलीतला त्या खोलीत?"

मी सांगितलं की पाण्यातून ध्वनी हवेच्या चौपट वेगाने जातो. तिचा चेहरा पडला. तिला विज्ञानाची इतकी ओढ आहे हे मला ठाऊक नव्हतं. मग मी अर्धा तास ध्वनीवर बोललो.

योनसुकला ऊब किती लागते हे विचारायची गरज नव्हती. आम्ही एकाच खोलीत झोपतो. मला एकवीस अंश लागतात, म्हणजे तिलाही एकवीसच.

१६ ऑक्टोबर

नकाशा पूर्ण झाला. बॉयलरशेजारी पितळेची पट्टी असते, तिच्यापासून प्रत्येक खोलीची नळी फुटते आणि खोलीभर वळसे घेऊन परत येते. पाणी जसं पुढे जातं तसं निवतं. म्हणून सासूबाईंची खोली बॉयलरला लागून, आणि त्यांच्या कोपऱ्यात नळ्या शेवयांसारख्या दाट. बाबांची खोली उत्तरेला, तिथे नळ्या माझ्या डोक्यावरच्या केसांइतक्या विरळ. हॉल मोठा, एकाच नळीने फिरवला तर टोकाला पाणी गार पडेल, म्हणून त्याचे दोन भाग. बाहेरच्या भिंतीशी वळसे जवळजवळ.

योम मिस्त्रीने नकाशा उलटा धरला. "गुरुजी, हा रेल्वेचा आहे का?"

"हा तुमच्या कामाचा आहे."

"कशाला एवढं डोकं चालवता? मी सगळीकडे एकसारख्या घालतो. नंतर जो तो आपापला व्हॉल्व्ह फिरवून कमीजास्त करेल. त्या भाच्याकडे मी तसंच..."

"इथे भाचा राहत नाही," मी म्हटलं. "इथे माणसं राहतात. त्यांना मी विचारलंय."

भांडण तांदळाच्या दारूवर मिटलं. तिसऱ्या वाडग्याला योमच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, असा जावई मला मिळाला असता तर! सासूबाईंच्या कोपऱ्यात नळ्या आणखी दाट घालू, असं त्यानेच सुचवलं. आम्ही त्या आणखी दाट केल्या.

२१ ऑक्टोबर

घर उखडलं, म्हणून आम्ही तिघं सासूबाईंकडे राहायला आलो. त्यांची ती लाकडाच्या चुलीवर तापणारी जुनी जमीन. चुलीजवळचं टोक खरंच निखारा. पाहुणे आणि वयाने थोरले म्हणून ते टोक बाबांना दिलं.

मला बाबांची दया आली. गारव्याचा माणूस, पण विहीणबाईंचा मान राखायला एका शब्दाने तक्रार केली नाही. पाठ टेकली ती टेकलीच. सकाळी आम्ही भात शिजवून, जेवून, भांडी घासून मोकळे झालो तरी उठले नव्हते. उठले तेव्हा गाल लाल आणि चेहऱ्यावर एक विचित्र हसू. सोसण्यालाही काही मर्यादा असते, पण बाबा जुन्या पिढीचे.

सासूबाई तर आमच्या सोयीसाठी थेट दाराशी झोपल्या. दार बोटभर उघडं ठेवून. आपला हक्काचा कोपरा सोडून!

"सासूबाई, तिथे वारा लागेल," मी सकाळी म्हटलं.

"लागू दे हो," त्या म्हणाल्या.

केवढा हा त्याग.

३० ऑक्टोबर

या गावची बस दिवसातून दोनदा यायची, आता एकदाच. जुन्या चालकाने गुडघ्यांपायी नोकरी सोडली आणि नवा कुणी डोंगरातल्या रस्त्यावर यायला तयार नाही. म्हाताऱ्या बायका बाजारातून कोबीची ओझी पाठीवर घेऊन चढ चढताना दिसतात.

योनसुक हल्ली कागदाचं वेष्टण घातलेलं एक पुस्तक वाचते. आज जेवताना विचारलं, "ओल्या उतारावर मोठी गाडी ब्रेक लावल्यावर किती पुढे जाते?" सिमेंटची गाडी आमच्या गल्लीत वेळेवर येईल ना, याची तिला काळजी लागलेली दिसते. माझ्या प्रकल्पात ती मनाने इतकी गुंतली आहे, हे बघून बरं वाटलं.

आठवड्यातून तीनदा ती जिल्ह्याच्या गावी जाते. तिथे काय करतेस विचारलं, तर "फिरवतात" म्हणाली. व्यायाम असावा.

८ नोव्हेंबर

नळ्या घालून झाल्या. पाणी भरून दाब दिला आणि मी दाबाच्या काट्यासमोर स्टूल टाकून बसलो. काटा जरासा उतरला. मी ओरडलो. योम म्हणाला, "थंडीत सगळंच आखडतं, गुरुजी. तुम्ही सारखं बघू नका, तो लाजतो." मग एक जोड त्याने गुपचूप आवळला. मी पाहिलं. त्याने मी पाहिल्याचं पाहिलं.

नळ्यांवर सिमेंटचा गिलावा पडला की मग काही बदलता येत नाही. शेवयांसारखा तो कोपरा उघडा असताना मी एकदा शेवटचा बघून घेतला. फारच देखणा होता.

११ नोव्हेंबर

परवापासून कडक थंडी सांगितली आहे. गिलावा गोठला तर सगळं वाया. म्हणजे आजच.

सिमेंटची गाडी आली आणि गल्लीच्या तोंडाशी अडली. चालकाने खाली उतरून दोन्ही भिंती बघितल्या आणि सांगितलं, मागे घेऊन आत जाणार नाही, आरसे तुटतील. मी त्याला गल्लीची रुंदी सांगितली. योमने त्याला आवाज चढवून रुंदी सांगितली. बाबांनी खाणीत गाड्या कशा ओढत ते सांगितलं. गाडीच्या पोटात सिमेंट फिरत होतं आणि आभाळ काळवंडत होतं.

तेवढ्यात योनसुक गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"उजवा आरसा बघा," ती चालकाला म्हणाली. "मागचं चाक त्या खांबाच्या रेषेत येईपर्यंत काही वळवू नका. आता पूर्ण डावीकडे. थांबा. सरळ. या."

गाडी लोण्यातल्या सुरीसारखी आत आली.

चालक खिडकीतून वाकून म्हणाला, "बाई, तुम्ही मोठी गाडी चालवायचात का पूर्वी?"

"अजून नाही," योनसुक म्हणाली.

चालक हसला. मला विनोद कळला नाही. पण गिलावा पडला. संध्याकाळपर्यंत सगळं घर राखाडी तळ्यासारखं सपाट दिसत होतं. उंबऱ्याशी उभा राहून मी खूप वेळ बघत होतो. योमने गाणं म्हटलं. त्याला थांबवणं शक्य झालं नाही.

२ डिसेंबर

जमीन सुकली, सावकाश तापवली, आज घरी आलो. सासूबाई आल्या! सोबत मिरचीच्या लोणच्याचे रांजण आणि मेजूच्या विटा, म्हणजे शिजवलेलं सोयाबीन कुटून केलेल्या, हिवाळाभर टांगून आंबवायच्या. त्यांचा वास घरभर झाला. बाबा म्हणाले, "मेलेल्या बुटासारखा." सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या मोज्यांपेक्षा बरा, व्याहीबुवा." सुरुवातीलाच हे. दोघांचं जमणार नाही अशी मला धास्ती आहे.

मग तो क्षण आला. मी सासूबाईंना कोपऱ्यापाशी नेलं. त्यांनी तळवा टेकवला आणि झटकन उचलला.

"जमलं की हो," त्या म्हणाल्या. आवाज भरून आला होता. "तुम्ही खरंच केलंत."

"तुम्ही सांगितलं होतंत ना."

"हो. सांगितलं होतं खरं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "जावईबापू, तुम्ही फार... फार सांगितलं ते ऐकणारे आहात."

योनसुक स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटू लागली. भावना लपवायची तिची ती पद्धत आहे.

९ डिसेंबर

सगळे खूश आहेत. सासूबाई पहाटे उघड्या डोक्याने अंगणात उभ्या असतात. विचारलं तर म्हणाल्या, हवा छान आहे. बाहेर उणे अकरा. त्यांच्या मेजूच्या दोन विटा आंबायच्या ऐवजी भाजल्या गेल्या, तरी एका शब्दाने बोलल्या नाहीत. बाबा दिवसभर भाताच्या कुकरला टेकून वर्तमानपत्र वाचतात. दोघांनाही घर इतकं आवडलंय की आपापल्या खोलीत पाय ठरत नाही.

१७ डिसेंबर

आजचं लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.

दुपारी जेवून सगळे आपापल्या खोलीत गेले. मी बॉयलरकडे निघालो होतो. सासूबाईंच्या दारावरून जाताना आतून घोरण्याचा आवाज आला. तो आवाज मी जन्मापासून ओळखतो. तशी घरघर दुसऱ्या कुणाच्या छातीतून निघणं शक्य नाही. ते बाबा होते.

सासूबाईंच्या खोलीत. दार लावून.

शहाऐंशी आणि ब्याऐंशी! व्याही आणि विहीण! गावात तोंड कसं दाखवायचं? सेबोमचं लग्न व्हायचंय अजून! मी धावत योनसुककडे गेलो आणि कानात सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं, भिंतीला टेकली आणि हसत हसत खाली घसरत जमिनीवर बसली. हसू थांबेना. मला वाटलं तिला धक्का बसला.

"दुसरं दार उघडून बघा," ती कशीबशी म्हणाली.

बाबांची खोली उघडली. खिडकी उघडी. सासूबाई बाह्या वर करून, हातपाय पसरून, उत्तरेच्या गार जमिनीवर ओल्या कोबीच्या पानासारख्या निवांत झोपल्या होत्या. मेजूच्या विटाही तिथेच टांगलेल्या.

मी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. बाबांच्या गालावर चटईची नक्षी उठली होती.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून," सासूबाई म्हणाल्या. "दुपारचंच. रात्री आम्ही आपापल्या जागी सोसतो."

"सोसता? अहो, पण तुम्हीच म्हणालात, कातडी लाल..."

"जावईबापू, मला जन्मात उकाडा सोसवला नाही. आमच्या घरी तो कोपरा सासऱ्यांचा, मग नवऱ्याचा, मग पाहुण्यांचा. मी दाराशी. तिथेच बरं वाटायचं मला." त्यांनी मान खाली घातली. "मला माझं घर सोडायचं नव्हतं. तोंडावर नाही म्हणायचं कसं? म्हटलं, न जमणारी अट घालावी. माणूस आपसूक गप्प बसतो. तुम्ही कसले गप्प बसताय!"

मी बाबांकडे वळलो. "आणि तुम्ही? आतून ऊब?"

बाबांनी कुत्र्याला जवळ ओढलं. "रॉकेल किती महाग झालंय ते बघतोस ना. म्हाताऱ्याने कशाला मागायचं? खाण सोडल्यापासून माझी हाडं तापलीच नव्हती. विहीणबाईंच्या घरी त्या टोकाला झोपलो आणि वाटलं, आता मेलो तरी चालेल."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू किती आनंदात होतास," बाबा म्हणाले. "रंगीत पेन्सिली घेऊन."

मी योनसुककडे बघितलं. ती म्हणाली, "मी सांगत होते. गाडीत. तुम्ही निळ्या पेन्सिलीच्या मागे होता."

निर्णय सोपा होता, खोल्या बदलायच्या. तरी बाबा अडून बसले. "विहीणबाईंची खोली मी घेऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक येणार आहेत का माझ्या घामाला वारा घालायला?" सासूबाई म्हणाल्या. "उचला तुमची गादी."

मी हळूच विचारलं, "सासूबाई, आता खरं सांगा. परत जायचंय का? मी सोडून येईन. नकाशा वगैरे काही काढणार नाही."

"आता मेजू टांगल्यात," त्या म्हणाल्या. "आंबायला हिवाळा जातो. नंतरचं नंतर."

संध्याकाळी सामान हलवलं. बाबा सासूबाईंच्या कोपऱ्यात, म्हणजे आता स्वतःच्या, पाठ टेकून पडले आणि छताला म्हणाले, "जुंगमान, काम मात्र तू झकास केलंयस." माझं नशीब बघा. नकाशा बरोबर होता. फक्त माणसं चुकीच्या खोलीत होती.

२१ डिसेंबर

आज योनसुकने गादी आणि बैठं टेबल उचलून सेबोमच्या खोलीत नेलं.

"वाचायला बरं पडतं," ती म्हणाली.

"काय वाचतेस?"

तिने पुस्तकाचं वेष्टण काढून माझ्यासमोर धरलं. प्रवासी बस चालवण्याच्या लेखी परीक्षेचं पुस्तक होतं. मोठ्या गाडीचा परवाना तिला नोव्हेंबरातच मिळाला. जिल्ह्याच्या गावी तिला 'फिरवत' होते ते मोठ्या बसमधून, खांबांच्या मधून, मागे आणि पुढे. आईच्या गावच्या त्या बसवर चालक हवा आहे, आणि तिने अर्जही केला आहे.

मी पुस्तक तिच्या हातातून घेतलं आणि पहिलं पान वाचलं.

"मला कधी सांगणार होतीस?"

"परीक्षा झाल्यावर."

"का?"

"तुम्ही नकाशा काढला असता," योनसुक म्हणाली. रागाने नाही. मीठ कमी आहे हे सांगावं तसं.

२४ डिसेंबर

आमच्या खोलीत बरोबर एकवीस अंश. दोन माणसांसाठी मोजलेले. झोप लागत नाही. मला राग आला आहे का, की वाईट वाटतंय, ते ठरत नाही. ती सत्तावन्न वर्षांची आहे. डोंगरातली वळणं, बर्फ. आणि मी तिच्या त्या 'फिरवतात'वर सात आठवडे विश्वास ठेवला. व्यायाम!

२६ डिसेंबर

हातात तापमापक घेऊन तिच्या दारावर टकटक केलं. आपल्याच घरात दार वाजवायची ही पहिलीच वेळ.

"या," ती म्हणाली.

खोलीचा व्हॉल्व्ह बंद, खिडकी किलकिली. चौदा अंश. ती अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात बसली होती.

"तुला थंडी नाही वाजत?"

"अहो, मला गेली कित्येक वर्षं उकडतंय. तुम्ही पांघरूण ओढता तेव्हा मी काढून टाकते. तुम्ही कधी जागे झालात तर दिसेल ना."

"मग या खोलीत नीट नळ्या घाला म्हणून का भांडलीस?"

"सेबोम येईल तेव्हा तिला लागेल. आणि तुम्ही आलात तर." तिने माझ्याकडे बसायची एक उशी सरकवली. "आलात ना. बसा. मला प्रश्न विचारा. पण उत्तर सांगायचं नाही, आणि उत्तराच्या आधीचं भूगोलाचं प्रास्ताविकही नको."

मी विचारत गेलो. ओल्या उतारावरचा ब्रेक, शाळेपुढचा वेग, प्रवाशाला चक्कर आली तर काय. एका प्रश्नावर ती अडली. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. तिला ते आठवलं. तोवर चौदा अंशांत माझे पाय बधिर झाले होते, पण मी तसं म्हटलं नाही. मग विचार केला आणि म्हटलं.

"मला गार वाजतंय."

ती उठली आणि तिने व्हॉल्व्ह अर्धा फिरवला.

२३ जानेवारी

पास! एकही प्रश्न चुकला नाही. बाबांनी अंगणात उभं राहून शेजाऱ्यांना ओरडून सांगितलं, "मी डोंगराच्या पोटात गाडी ओढली, माझी सून डोंगराच्या डोक्यावरून नेणार!" सासूबाई म्हणाल्या, "ओरडू नका, छातीत घरघर होईल, आत जाऊन तापा." ते निमूट गेले. माझं ते कधी ऐकत नाहीत.

योम मिस्त्री भेटायला आला होता. आता तो सगळीकडे सांगत फिरतो की एका भूगोलाच्या गुरुजींच्या घरात त्याने कमाल केली. भाच्याची गोष्ट संपली, आमची सुरू झाली.

६ मार्च

आज योनसुकची पहिली फेरी. डोंगरावर अजून बर्फ आहे. सासूबाई आणि बाबा पहिल्या बाकावर चढून बसले. सासूबाईंना आपलं घर उघडून वारा द्यायचा होता आणि बाबांना त्यांची चूल पुन्हा बघायची होती, असं ते म्हणाले. मी तिसऱ्या बाकावर. चालकाच्या मागे पाटी होती: चालत्या गाडीत चालकाशी बोलू नये. ती पाटी खास माझ्यासाठी लावली आहे का, असं मी तिला निघण्याआधीच विचारून घेतलं.

पहिलं वळण तिने इतकं अलगद घेतलं की बाबांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वळणाला मी डोळे मिटले. तिसऱ्याला उघडे ठेवले. वाटेतल्या वस्तीवर एक म्हातारी चढली. पाठीवर बोचकं, डोक्याला रुमाल. माझ्या मागच्या बाकावर बसली. दार बराच वेळ उघडं राहिल्याने आत गार वारा भरला होता.

"कुणाला थंडी वाजतेय का?" योनसुकने आरशात बघून विचारलं.

"नाही, नाही," सगळे म्हणाले.

"मला नाही गं बाई," मागची म्हातारी म्हणाली. "छान आहे. अगदी छान."

मी वळून बघितलं. ती दोन्ही तळव्यांवर बसली होती.

मी उठलो आणि दांड्याला धरून पुढे गेलो.

"चालकबाई, मागच्या आजींना थंडी वाजतेय."

"प्रवासी, चालत्या गाडीत उभं राहू नका. आणि चालकाशी बोलू नका," योनसुक म्हणाली. नजर रस्त्यावरच होती, पण तिचा हात हीटरच्या बटणाकडे गेला.

मी जागेवर येऊन बसलो आणि मागे पाहायचं नाही असं ठरवलं. पुढचं वळण आलं, तेव्हा पाहिलंच. म्हातारीने एक हात बाहेर काढला होता. देवदारांमधून बस हळूहळू चढत होती. वरच्या खिंडीत पोचेपर्यंत तिने दुसराही काढला.